‘लाल कंदील’ म्हणजे शर्यतीत शेवटी येणारा, पण पोहोचणारा!

मोहल्ल्यातल्या सायकल शर्यतीत शेवटी आलेलं पोरगं घरी येतं, सायकल भिंतीला टेकवतं आणि पुन्हा तिला हात लावत नाही. असं आम्ही अनेक घरांत पाहिलं आहे. अशा मुलाला सांगण्यासारखा सायकलिंगमधला एक फ्रेंच शब्द आहे: ‘लांतेर्न रूज’, म्हणजे लाल कंदील.

फ्रान्समध्ये ‘टूर द फ्रान्स’ ही मोठी शर्यत होते. ती पूर्ण करणाऱ्यांत जो सर्वांत शेवटी, त्याला हे नाव. आगगाडीच्या शेवटच्या डब्याला लाल कंदील टांगत, त्यावरून ते आलं.

ठाणे-कल्याणकरांना हे वेगळं समजवायला नको. १६ एप्रिल १८५३ला देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्यालाच आली. आजही रात्री कल्याणहून मेल गाडी सुटली की मागे लाल दिवा लुकलुकत जातो. तो शोभेचा नसतो. स्टेशनवरचा माणूस शेवटच्या डब्याची खूण पाहतो, म्हणजे गाडी अख्खी गेली, डबा मागे सुटला नाही याची खात्री पटते. खूण दिसली नाही तर मागची गाडी थांबवावी लागते.

शर्यतीतही तसंच. १९०३च्या पहिल्या टूरमध्ये ६० जण निघाले, पोहोचले फक्त २१. एकविसावा विजेत्याच्या जवळपास ६५ तास मागे होता. पण ३९ जण तर वाटेतच गळाले होते.

आपल्या वाचकांना आवडेल असा एक लाल कंदील म्हणजे अल्जीरियाचा अब्दुल कादिर झाफ. १९५०च्या टूरमध्ये भयंकर उन्हात तो आणि त्याचा साथीदार मोलिनेस सगळ्यांच्या पुढे होते. झाफ कोसळला. उठून सायकलवर बसला तो उलट्या दिशेनं निघाला, असा किस्सा सांगतात. अंगाला वाइनचा वास येत होता म्हणून प्यायलेला ठरवून लोक हसले. पण तो मुसलमान, दारू न पिणारा. शुद्धीवर आणायला कुणीतरी त्याच्या अंगावर वाइन ओतली होती, असंही सांगितलं जातं. (बदनामी मात्र झटकन पसरते, तेव्हाही आणि आताही.) तो टप्पा मोलिनेसनं जिंकला, झाफ शर्यतीबाहेर गेला.

पुढच्या वर्षी झाफ परत आला. पॅरिसला ६६ जण पोहोचले. सहासष्टावा झाफ होता.