कोडिंग शिकायला लॅपटॉप घेताय? आधी हे तपासा

बारावी झाली की पोरं म्हणतात, कोडिंग शिकायचंय, लॅपटॉप पाहिजे. सोयाबीनची पट्टी हातात पडली की आपण दुकानदार दाखवेल तो उचलतो. मीही तसाच फसलो. 4 जीबी रॅम, आत जुनी हार्ड डिस्क. सुरू होईपर्यंत चहा पिऊन व्हायचा.

तेव्हा नीट बघून घ्या. रॅम किमान 8 जीबी, पुढे वाढवता येत असेल तर उत्तमच. हार्ड डिस्क नको, एसएसडी घ्या. 256 जीबीत सुरुवातीला भागतं. पायथन, जावा शिकायला गेमिंगचं महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही.

वापरलेला लॅपटॉपही चालतो. पण इंटेलचा प्रोसेसर शक्यतो आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा बघा. त्याआधीच्या बहुतेकांना विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय. दुकानातच चार्जर काढून बॅटरी किती टिकते ते बघा. लोडशेडिंग आपल्या पाचवीलाच पुजलंय. पक्कं बिल आणि लेखी वॉरंटी सोडू नका.

आणि घाई नको. पायथनचे पहिले धडे मोबाईलवरही होतात. पोरगं महिनाभर टिकलं, की मगच पैसे मोजा.