जुनी होडी : आधी वजन, मग रंग

फायबर ग्लासच्या होडीला वाळवी लागत नाही, ती गंजतही नाही. त्यामुळे ती खराबच होत नाही असा अनेकांचा समज असतो. वर्षानुवर्षे पडून असलेली शिडाची होडी स्वस्तात मिळाली, की हौशी माणूस आधी रंगाचा डबा आणतो. नेमके इथेच चुकते. अशा होडीचे दुखणे वरच्या रंगात नसते, ते आत साचलेल्या पाण्यात असते.

'लेझर'चेच उदाहरण घ्या. ब्रूस कर्बी यांनी आखलेली ही एकट्याने चालवायची होडी १९७१ मध्ये बाजारात आली. १९९६ पासून ती ऑलिंपिकमध्ये आहे. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये विष्णु सरवणन आणि नेत्रा कुमानन याच जातीच्या होड्या घेऊन उतरले होते. दोघांची शिडे वेगळ्या आकाराची, पण खालची होडी तीच. म्हणजे जुनी होडी नीट केली, तर लहान शीड लावून घरातल्या मुलामुलींनाही ती वापरता येते.

काय तपासावे?

डोलकाठी, शीड, सुकाणू काढून नुसत्या होडीचे वजन करावे. नव्या लेझरचे वजन सुमारे ५९ किलो असते. काटा बराच पुढे गेला, तर आत पाणी आहे असे समजावे. होडीच्या वरच्या भागात फायबरच्या दोन पातळ थरांमध्ये फोम असतो. तो भिजला की थर सुटतात. नाण्याने ठोकून पाहिल्यास चांगल्या जागी खणखणीत, सुटलेल्या जागी बद्द आवाज येतो.

सर्वांत महत्त्वाची डोलकाठीची खोबण. तीत पाणी भरून पातळीवर खूण करावी. तासाभराने पातळी उतरली, तर खोबण गळते आहे. शिडाचा सगळा ताण तिच्यावर येतो. भर वाऱ्यात ती फुटली, तर डोलकाठी होडीचा वरचा भाग फाडूनच निघते.

इतर गळती शोधताना हवेचे छिद्र चिकटपट्टीने बंद करावे, बुचाच्या भोकातून तोंडाने हळूच हवा फुंकावी आणि सांध्यांना साबणाचे पाणी लावावे. गळक्या जागी बुडबुडे येतात. कॉम्प्रेसर मुळीच लावू नये, सांधेच उघडतील.

दुरुस्तीचा क्रम

पावसाळा टाळून, झाकणाचे गोल भोक पाडून आत पंख्याची हवा सोडावी. वाळायला कित्येक आठवडे लागतात. मग सुटलेले फायबर घासून काढावे. कडा उतरती हवी : थर दोन मिलिमीटर जाड असेल, तर उतार साधारण चोवीस मिलिमीटरचा. जुन्या फायबरवर इपॉक्सी घट्ट धरते, मात्र तिच्यावर पॉलिएस्टरचा जेलकोट नीट बसत नाही. तिथे रंगच द्यावा.

पॉलिएस्टर रेझिन वापरायचे असल्यास एक पथ्य कडक पाळावे. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होऊ शकतो. घासताना मास्क, चष्मा, हातमोजे हवेतच.

पहिली फेरी लाइफ जॅकेट घालून, काठाजवळच मारावी. परतल्यावर बूच काढून पाहावे. चार थेंब आले तर काम जमले. तांब्याभर पाणी निघाले, तर रंग कितीही झळकत असो, होडी पुन्हा घोडीवर चढवावी.