पडदा काळा पडला म्हणून संगणक भंगारात घालू नका

व्यापारी व कारागीर बंधूंनो, पेढीचा हिशेब, उधारीच्या नोंदी आणि काठ-पदराची डिझाइने आज संगणकातच असतात. दहा-बारा वर्षांची जुनी मशीन चालते आहे, म्हणून आपण ती बदलत नाही. मग एके दिवशी पडद्यावर रेघा येतात, रंग बिघडतात किंवा पडदा काळाच राहतो. दुरुस्तीवाला म्हणतो, "मशीन जुनी झाली, नवीन घ्या." धोटा मोडला म्हणून कोणी माग भंगारात घालत नाही. इथेही मामला बहुतेक वेळा तसाच असतो.

पडद्यावर चित्र पाठवण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. हिशेब असतो हार्ड डिस्कमध्ये. कार्ड जळाले तरी डिस्कवरची नोंद पुसली जात नाही. तेव्हा पडदा काळा आहे एवढ्यावरून कोणी "फॉरमॅट करावे लागेल" म्हणाला तर साफ नकार द्यावा. जळालेल्या कार्डावर तो इलाज नव्हे.

प्रथम दोष कार्डाचाच आहे का, हे पाहावे. मॉनिटरची केबल घट्ट बसवावी, दुसरा मॉनिटर लावून पाहावा. मशीन चालू करताना एक लांब व दोन आखूड बीप आले, तर अनेक जुन्या मशीनींत तो कार्डाचा इशारा असतो. मात्र ही खूण सर्व कंपन्यांची सारखी नसते. पुष्कळ मदरबोर्डांवर मॉनिटरची स्वतंत्र जागा असते. कार्ड काढून मॉनिटर तिथे जोडावा. चित्र आले तर दोष कार्डात होता हे जवळपास नक्की झाले. आणि काम फक्त हिशेबाचे असेल तर नव्या कार्डाची गरजच नाही. तो खर्च वाचला.

कार्ड घ्यायचेच असेल तर चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, खाच. १९९७ मध्ये आलेल्या एजीपी खाचेत आजचे कार्ड बसत नाही. २००४ पासून बाजारात आलेल्या पीसीआय एक्स्प्रेस खाचेत मात्र नंतरच्या पिढीचे कार्डही बसते. अरुंद कॅबिनेट असल्यास कमी उंचीचे कार्ड मागावे.

दुसरी, वीज. ही मोठी खाच जास्तीत जास्त ७५ वॅट देते. त्याहून जास्त वीज खाणाऱ्या कार्डाला पॉवर सप्लायमधून वेगळी वायर लागते, आणि जुन्या सप्लायला तो भार झेपेलच असे नाही. एनव्हिडियाचे जीटी ७१० सुमारे १९ वॅट व जीटी १०३० सुमारे ३० वॅट घेते. दोघांनाही वेगळी वायर लागत नाही. हिशेब आणि साध्या डिझाइनला एवढे पुरते.

तिसरी, मॉनिटरचा प्लग. जुन्या मॉनिटरला तीन ओळींत १५ पिनांचा व्हीजीए प्लग असतो. तो जीटी ७१० च्या बहुतेक कार्डांवर मिळतो, जीटी १०३० वर सहसा नसतो. एचडीएमआयवरून व्हीजीए करायला साधी केबल चालत नाही, कन्व्हर्टर लागतो.

चौथी, मेळ. काही जुन्या मदरबोर्डांवर नवे कार्ड चित्रच देत नाही. म्हणून मशीन दुकानात न्यावी, कार्ड लावून चित्र पाहावे, मगच पैसे द्यावेत. पक्के बिल घ्यावे, गॅरंटी बिलावर लिहून घ्यावी. सेकंडहँड कार्ड असेल तर अर्धा तास चालवून पाहिल्याशिवाय सौदा करू नये.

बसवण्याचे काम अवघड नाही. बटण बंद करून प्लग भिंतीतून काढावा. नंतर सुरू करण्याचे बटण एकदा दाबावे, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. अंगातील स्थिर विजेने कार्डाला दगा होऊ नये म्हणून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावावा. मागचा स्क्रू काढावा, खाचेच्या टोकाची कडी दाबावी आणि कार्ड सरळ वर उचलावे. नवे कार्ड कडी लागेपर्यंत दाबून बसवावे व स्क्रू लावावा. केबल नव्या कार्डालाच जोडावी. पुष्कळजण ती मदरबोर्डला जोडतात आणि नवे कार्डही खराब समजतात. सुरुवातीला चित्र मोठे, ओबडधोबड दिसले तर घाबरू नये. ड्रायव्हर घातल्यावर ते ठीक होते.

आणि पडदा उजळला की गिऱ्हाइकाचे बिल काढण्याआधी सारा हिशेब व डिझाइने पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावीत. आज कार्ड गेले, ते बाजारात मिळते. उद्या डिस्क गेली तर उधारीची नोंद कोणत्याच दुकानात मिळणार नाही.