आठ दिवसांचा खाकी कागद

संपादकांचा फोन आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. दिवाळी अंकात घरावर एक विभाग होता आणि त्यात त्यांना ‘आर्ट अ‍ॅडव्हायझर’ या पेशावर लेख हवा होता. भिंतीवर काय टांगायचं हे सांगायला माणूस नेमायचा आणि वर त्याला पैसे द्यायचे, हे ऐकून माझ्यातला गिरगावकर जागा झाला. आमच्या चाळीत भिंतीवर काय लागणार हे वाणी ठरवायचा. दर जानेवारीत तो कॅलेंडर द्यायचा, आणि वर्ष संपलं तरी त्यातल्या लक्ष्मीचा वरचा भाग कापून काचेत जायचा. दिवाळी अंकांवरची दलालांची, मुळगावकरांची मुखपृष्ठं अशीच भिंतीवर चढली. निवड, सल्ला, फ्रेम, सगळं घरच्या घरी.

संपादक म्हणाले, “एकदा जाऊन तर या. मग शिव्या घाला.”

घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर मी पोचलो. नवरा बँकेत, बायको दातांची डॉक्टर, सोबत नवऱ्याची आई. घर नवं. सोफा राखाडी, आणि सोफ्यावर चौदा फुटांची रिकामी भिंत. इंटिरिअरवाल्यानं तिच्यासाठी सहा बाय चार फुटांचं ‘काहीतरी निळं’ सुचवलं होतं. पडदे निळे होते म्हणून.

सल्लागारबाई वेळेवर आल्या. वय पन्नाशीच्या आसपास, शिक्षण जे.जे.त, मग बरीच वर्षं फोर्टातल्या एका गॅलरीत नोकरी, आता स्वतंत्र. माझी अपेक्षा होती की त्या टॅब उघडतील आणि चित्रं सरकवत बसतील. त्यांनी पिशवीतून मोजायची टेप, एक भिंग, मास्किंग टेप आणि खाकी कागदाची जाडजूड गुंडाळी काढली. पुढचा पाऊण तास चित्र हा शब्दसुद्धा निघाला नाही. सकाळचा चहा कुठे बसून पिता? पश्चिमेचं ऊन कुठवर येतं? या भिंतीच्या पलीकडे काय आहे, बाथरूम तर नाही? रात्री शेवटचा दिवा कोण बंद करतं, आणि कुठल्या खोलीतून जाताना? आईंना विचारलं, “तुम्ही दिवसभर कुठे बसता?” आई म्हणाल्या, “मी होय? जेवणाच्या टेबलाशी. निवडणं-टिपणं तिथंच.” बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. मुलगा आणि सून एकमेकांकडे बघत राहिले. हा प्रश्न त्यांनीही कधी विचारला नसावा.

मग जमिनीवर बसून त्यांनी खाकी कागद कापला. सहा बाय चार फुटांचा एक, त्याच्या निम्म्याहून लहान दुसरा, आणखी लहान तिसरा. पहिला सोफ्यावर चिकटवला, दुसरा दारासमोर, तिसरा जेवणाच्या टेबलाशेजारी. “आठ दिवस काढायचे नाहीत,” असं बजावून त्यांनी चहा घेतला आणि निघाल्या.

मला या धंद्यातलं सगळ्यात जास्त आवडलं ते हे कागदाचं प्रकरण. चित्र डोळ्यांनी निवडतात असं आपण समजतो. कागद आठ दिवस भिंतीवर राहिला की भिंतच बोलायला लागते. दारासमोरचा कागद दार उघडलं की पूर्ण झाकला जात होता, हे दुसऱ्याच दिवशी कळलं. सोफ्यावरचा एवढा मोठा कागद सोफ्यावर बसणाऱ्याला दिसतच नव्हता. तो दिसायचा समोरच्या टीव्हीला! टेबलाशेजारच्या कागदावर चौथ्या दिवशी आमटीचे शिंतोडे उडाले, म्हणून तो हातभर डावीकडे सरकला. हे सगळं चित्र विकत घेऊन, भिंतीला भोक पाडून कळलं असतं तर केवढ्याला पडलं असतं?

उंचीचाही घोळ असतोच. संग्रहालयांमध्ये चित्राचा मध्य साधारण ५७ इंचांवर ठेवतात, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेला. बाई तो बरेचदा खाली आणतात. त्यांचं म्हणणं, आपल्या घरात चित्र उभं राहून बघतो कोण? आपण बसलेले असतो, पूर्वी तर जमिनीवर. आणि तरी आपली जुनी घरं आठवा. पूर्वजांचे फोटो छताच्या जवळ, दोरीनं पुढे झुकवलेले. तिथे आपण चित्र बघत नव्हतो, चित्र आपल्याला बघत होतं. आजोबांच्या नजरेतून अख्खी खोली सुटत नसे.

इतिहास थोडक्यात उरकतो. मुंबईत हा पेशा नावाशिवायच सुरू झाला. हिटलरच्या काळात युरोपातून इथे आलेले वॉल्टर लँगहॅमर, रुडी फॉन लायडन आणि इमॅन्युएल श्लेझिंजर स्वतः चित्रं बघत, तरुण चित्रकारांना जवळ करत आणि ओळखीच्या पैसेवाल्यांना ‘हे घ्या’ म्हणून सांगत. त्याच काळात, १९४१ मध्ये, केकू गांधींनी केमोल्ड हा फ्रेमा बनवायचा व्यवसाय काढला. दुकानातल्या फ्रेमांमध्ये त्यांनी नव्या चित्रकारांची चित्रं लावायला सुरुवात केली आणि १९६३ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड उघडली. म्हणजे या शहरात काही अंशी आधी चौकट आली आणि गॅलरी मागून. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी होमी भाभांनी स्वतः चित्रं निवडली. तिथल्या भिंतींवर आजही हुसेन यांचं प्रचंड भित्तिचित्र आहे. कापसाचे व्यापारी जहांगीर निकल्सन यांनी १९६८ मध्ये पहिलं चित्र घेतलं आणि मग ते थांबलेच नाहीत. आठशेहून अधिक कलाकृतींचा त्यांचा संग्रह आता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. मोठ्या माणसांच्या या गोष्टी ऐकायला बऱ्या वाटतात, पण टू बीएचकेत त्यांचा उपयोग फारसा नाही.

आठ दिवसांनी बाई परत आल्या तेव्हा आईंनी देवघराशेजारची लक्ष्मी पुढे केली. सासूबाईंकडून आलेली, राजा रविवर्म्याची. मुलानं इंटरनेटवर किमती बघून ठेवल्या होत्या आणि त्याच्या आवाजात थोडी थरथर होती. बाईंनी फ्रेम खिडकीशी नेली आणि भिंग लावून मलाही बघायला दिलं. लक्ष्मीच्या गालावर बारीक, एकसारख्या रांगांमधले ठिपके होते. हे ऑफसेट. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. तिथलं काम दगडावरून व्हायचं. प्रत्येक रंगाला वेगळा दगड आणि ठिपके हातानं दिलेले, त्यामुळे वेडेवाकडे. शिवाय खालच्या पट्टीत छापखान्याचं नाव. इथे ती पट्टी फ्रेममध्ये कापलेली नव्हती, मुळातच नव्हती.

“आई, ही नंतरची छपाई आहे. बाजारात हिला काही किंमत नाही.” बाईंनी सरळ सांगून टाकलं. आई म्हणाल्या, “मला कुठे विकायचीय? शुक्रवारी फूल वाहते मी.” आणि लक्ष्मी होती तिथे परत गेली. सल्ल्याचा तो भाग दोन मिनिटांत संपला, पण अख्ख्या भेटीत मला तोच सगळ्यात चोख वाटला.

चित्र शोधायला आम्ही एका सोमवारी जहांगीरला गेलो. तिथली प्रदर्शनं मंगळवार ते सोमवार चालतात. भाडं भरून दालन घ्यायचं, तेही काही वर्षं रांगेत थांबून. सोमवारी दुपारी चित्रकार थकलेला असतो. उद्घाटनाचे पाहुणे येऊन गेलेले असतात आणि उरलेल्या चित्रांसाठी टेम्पो ठरवायचा असतो. मला वाटलं, बाई भाव पाडायला आल्यात. त्या भाव पाडत नव्हत्या. सहा दिवस लोकांनी बघूनही जे चित्र त्यांच्या डोक्यात राहिलं, ते सातव्या दिवशी तिथेच आहे का हे बघायला त्या आल्या होत्या. डॉक्टरीणबाई एका जलरंगासमोर थांबल्या. हाफ शीट, पंधरा बाय बावीस इंच. पावसात भिजलेला कुठल्यातरी खाडीचा धक्का, एक होडी, बाकी ओला राखाडी कागद. निळं काहीच नव्हतं. नवरा म्हणाला, “पडद्यांशी जाईल का?” बाई म्हणाल्या, “पडदे पाच वर्षांत बदलाल.”

फ्रेम मात्र गिरगावातच झाली, एका गल्लीत. फ्रेमवाले काका पायानं दाबायचं कटर वापरतात. दोन पाती कोनात बसवलेली, आणि प्रत्येक दाबाला लाकडाचा एकेक पातळ तुकडा घेणारी. एका दमात कापलं तर सागवानी पट्टीचा कोपऱ्याशी ढलपा उडतो, म्हणून सहा-सात वेळा थोडं थोडं. चार कोपरे जुळले की ते अंगठ्याचं नख त्या सांध्यावरून फिरवतात. नख अडकलं तर पट्टी परत. मी उभा असताना एक कोपरा अडकला. गिऱ्हाईक घाईत होतं, काका नव्हते.

इथवर सगळं छान. पण मी काळजीनंच परतलो.

पहिली काळजी हवेची. मुंबई-ठाण्यात कागदावरच्या चित्राचा खरा शत्रू जुलै महिना. काच कागदाला टेकली की दमट हवेत कागद काचेला चिकटतो आणि तांबूस ठिपके उमटतात. साध्या पुठ्ठ्याचा माउंट काही वर्षांत पिवळा पडतो आणि चित्राच्या कडेनं तपकिरी रेघ सोडतो, म्हणून अ‍ॅसिड-फ्री माउंट हवा. मागे हवा खेळावी म्हणून फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाच्या टिकल्या लावतात. कसर तरीही आत जाते. जलरंगावर संग्रहालयं ५० लक्सपेक्षा जास्त उजेड पडू देत नाहीत, आणि आपण तेच चित्र पश्चिमेच्या खिडकीसमोर लावून पडदे उघडतो.

दुसरी भिंतीची. नव्या टॉवरमधल्या मिवान भिंती सबंध काँक्रीटच्या. साधं ड्रिल नुसतं किंचाळतं, हॅमर ड्रिल आणावं लागतं, आणि सोसायटीचा नियम असा की दुपारी आवाज बंद. एक भोक चुकलं तर ते बुजवायला रंगारी, आणि रंगाची तीच छटा पुन्हा मिळत नाही.

तिसरी काळजी ‘किंमत वाढेल ना?’ या प्रश्नाची. हुसेन यांचं ‘ग्रामयात्रा’ हे चित्र १९५४ मध्ये एका डॉक्टरनं दिल्लीत १४०० रुपयांना घेतलं. ते अनेक वर्षं ओस्लोच्या रुग्णालयात होतं आणि मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी ३७ लाख डॉलरना गेलं. ही गोष्ट आता प्रत्येक गिऱ्हाइकाला पाठ आहे. बाई म्हणतात, “त्या वर्षी दिल्लीत विकल्या गेलेल्या बाकीच्या चित्रांचं काय झालं, ते कुणी विचारत नाही.” मोठ्या नावांच्या मागे नकलाही येतात. जुनी पावती नाही, कॅटलॉगात नोंद नाही, कुठे लागल्याचा फोटो नाही, अशा चित्राला त्या हात लावत नाहीत. गिऱ्हाइकाचा मुलगा न्यू जर्सीत असेल तर आणखी एक अडचण. रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय यांच्यासह नऊ चित्रकारांच्या कलाकृती कायद्यानं राष्ट्रीय ठेवा आहेत. त्या देशाबाहेर नेऊन विकता येत नाहीत.

आणि सगळ्यात मोठी काळजी पैशाची. सल्लागार काम करतो कुणासाठी? इटालियन चित्रांचे थोर जाणकार बर्नार्ड बेरेन्सन श्रीमंत अमेरिकनांना चित्र अस्सल आहे की नाही हे सांगत, आणि त्याच चित्रांच्या विक्रीतून ड्युव्हीन या व्यापाऱ्याकडून छुपा वाटा घेत. न्यूयॉर्कच्या एका नामांकित सल्लागारबाईंना गिऱ्हाइकांचे सुमारे ६५ लाख डॉलर बुडवल्याबद्दल २०२५ मध्ये अडीच वर्षांची कैद झाली. आपल्याकडे रकमा लहान आहेत, पण रचना तीच. सल्लागार गिऱ्हाइकाकडून फी घेतो आणि गॅलरीकडून कमिशनही. मग तुमच्या भिंतीला काय शोभतं हे कमिशन ठरवू लागतं. इंटिरिअरवाल्यानं निळंच का सुचवलं, याचाही उलगडा मला इथे झाला. लायसन्स नाही, परीक्षा नाही, उद्या मीही पाटी लावू शकतो. हा पेशा इमानदार माणसांच्या इमानदारीवर चालला आहे, आणि एवढ्या पैशांच्या धंद्यात हा आधार मला फार तोकडा वाटतो.

मी बाईंना तोंडावर विचारलं. त्या रागावल्या नाहीत. भेटींवर ठरलेली फी त्या घेतात, आणि गॅलरीनं सवलत दिली तर ती गिऱ्हाइकाच्या पावतीत उतरवतात. गॅलरीतले जुने सहकारी त्यांना वेड्यात काढतात. महिन्यातून दोन-तीनच घरं मिळतात, हेही त्यांनी सांगितलं.

होडीचं चित्र तिसऱ्या आठवड्यात लागलं. फ्रेमसकट साडेबावीस बाय साडेएकोणतीस इंच, जेवणाच्या टेबलाशेजारी, आईंच्या खुर्चीसमोर, आमटीपासून हातभर लांब. सोफ्यावरचा मोठा कागद निघाला आणि ती भिंत तशीच रिकामी आहे. बिलात तीन ओळी होत्या: चित्र, फ्रेम, फी. तुम्ही कुणाला नेमणार असाल तर समोरच्याकडून त्यांना काय मिळतं हे पहिल्या चहाच्या वेळीच विचारा, आणि उत्तर लिहून घ्या.