हुंडी, खोका आणि तापीकाठची बोलकी यंत्रे

सुरतेच्या बाजारात मालाच्या अगोदर निरोप येऊन पोहोचतो. भाव चढल्याचा, गाठी रवाना झाल्याचा, हिऱ्यांचे पुडके घेऊन आंगडिया रात्रीच्या गाडीने निघाल्याचा आणि पावसाळ्यात उकाईच्या धरणातून पाणी सोडल्याचा. आजवर हे निरोप माणसांनी माणसांस दिले. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या दुकानांत, गुदामांत व घरांत अशी यंत्रे येऊन बसली आहेत की, जी कोणास न विचारता आपापसांत बोलतात. भिंतीवरील विजेचा मीटर, दाराशी टांगलेला कॅमेरा, मागावरील कापड मोजणारे उपकरण व नदीच्या पुलाखाली पाण्याची उंची मोजणारे यंत्र, या सर्वांच्या पोटात एकेक लहानसा संगणक असतो. तो जे बोलतो ते कोण ऐकतो, कोण वाहून नेतो व वाटेत कोणी त्यात फेरफार केला तर ते कळावयाचे कसे, हा प्रश्न आम्हांस शुद्ध व्यापारी प्रश्न वाटतो. आपल्या पूर्वजांनी तो हुंडीच्या रूपाने सोडविला होता, म्हणून प्रथम हुंडीकडे वळू.

सतराव्या शतकात सुरतेचे जैन श्रेष्ठी वीरजी व्होरा यांची संपत्ती त्या काळच्या इंग्रजांच्या अंदाजाने ८० लाख रुपयांच्या घरात होती. इंग्रज व्यापारी सुरतेहून आग्र्यास पैसा पाठवीत तो बहुधा हुंडीनेच. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली त्या वेळी व्होरांचा वाडाही लुटला गेला. वाड्यातील सोनेनाणे नेता येते. परंतु दूरच्या पेढीवरील पत लुटून नेता येत नाही. हुंडी म्हणजे त्या पतीला फुटलेले पाय.

हुंडीच्या कागदाची रचना आमच्या तरुण वाचकांपैकी फार थोड्यांनी पाहिली असेल. तीत रक्कम एकदाच लिहून भागत नसे. प्रथम आकड्यांत लिहावयाची, मग अक्षरांत, आणि मग तिची निमी रक्कम लिहून ‘तिच्या दुप्पट’ असे नमूद करावयाचे. हजाराच्या हुंडीत पाचशेचाही उल्लेख असे. एखाद्या लबाडाने एक शून्य वाढविले तरी निमी रक्कम जुळत नसे आणि मुनीम तेथेच थांबत असे. हुंडी शहाजोग असेल तर ती बाजारात प्रतिष्ठा असलेल्या शहासच द्यावयाची. वाटेल त्या वाटसरूने पुढे केली म्हणून तिचे रुपये मिळत नसत. रुपये चुकते झाले की त्या कागदास खोका म्हणत, आणि खोका दुसऱ्यांदा वटविता येत नसे. हुंडी वाटेत हरवली तर पेठ लिहीत, तीही हरवली तर परपेठ, आणि तीही गेली तर मेजरनामा. यांपैकी एकीचे रुपये दिले की बाकीच्या आपोआप रद्द. ज्याच्यावर हुंडी लिहिली त्याने ती न सकारल्यास काय, याचीही तजवीज होती. त्याच गावातील दुसऱ्या सावकाराच्या नावे जिकरीची चिठ्ठी सोबत असे, म्हणजे एक वाट बंद झाली तर दुसरी मोकळी. यांखेरीज हुंडी लिहिल्याची खबर पेढीकडून पेढीस निराळ्या पत्राने जाई. हुंडी आणणारा निराळा आणि खबर आणणारा निराळा. दोघे एकाच वेळी फितूर होणे कठीण.

आता यंत्रांकडे येऊ. या यंत्रांची शक्ती फार तुटपुंजी असते. कित्येकांची स्मृती जुन्या काळच्या घरगुती संगणकाहूनही कमी असते, आणि एका बॅटरीवर वर्षानुवर्षे काढावयाची असतात. त्यामुळे त्यांचा आवाज लांब जात नाही. शेजाऱ्याने ऐकावे व त्याने पुढच्या शेजाऱ्यास सांगावे, अशा रीतीने निरोप मुख्य ठाण्यापर्यंत पोहोचतो. कोणी कोणास सांगावे याचे नियम २०१२ साली जगातील तज्ज्ञांच्या मंडळाने ठरवून प्रसिद्ध केले. प्रत्येक यंत्र आपण मुख्य ठाण्यापासून किती दूर आहोत याचा एक क्रमांक ठरविते व शेजाऱ्यांस कळविते. ज्याचा क्रमांक लहान त्याच्या हाती निरोप द्यावयाचा. वातावरण स्थिर असले की ही यंत्रे फारसे बोलत नाहीत, काही बिघडले की वारंवार बोलू लागतात. मंदीत व तेजीत आपले दलाल असेच वागतात, हे वाचकांस सांगावयास नको.

या व्यवस्थेचा कमकुवतपणाही दलालीच्या धंद्यातलाच आहे. उद्या कोणी नवखा इसम बाजारात येऊन ‘मोठ्या पेढीशी माझी थेट ओळख आहे, माझ्याकडून काम सर्वांत लवकर होते’ असे सांगत सुटला तर सगळे आपले पुडके त्याच्याच हाती देतील, आणि तो एके दिवशी सर्व घेऊन नाहीसा होईल. यंत्रांच्या जाळ्यात एखाद्या लबाड यंत्राने स्वतःचा क्रमांक खोटाच लहान सांगितला की आजूबाजूचे सर्व निरोप त्याच्याकडे ओढले जातात. मग ते निरोप त्याने वाचावेत, बदलावेत किंवा गिळून टाकावेत. म्हणून जाळ्यात शिरणाऱ्या प्रत्येक यंत्राची ओळख प्रथम पटवून घ्यावी लागते. शहाजोग हुंडीचा नियम तो हाच.

निरोप वाहणाऱ्याने तो वाचू नये यासाठी आंगडियाची रीत आहे. महीधरपुऱ्यातून निघालेले पुडके मुंबईच्या पेढीत जसेच्या तसे उतरते. आंगडियास पत्ता ठाऊक, आतील माल ठाऊक नाही. यंत्रांच्या जगात हे काम गुप्तलेखनाचे गणित करते. आज सर्वत्र रूढ असलेली पद्धत बेल्जियममधील योआन डेमेन व व्हिन्सेंट रायमेन या दोघांनी रचली आणि अमेरिकन सरकारने २००१ साली ती आपला अधिकृत नमुना म्हणून स्वीकारली. सुरतेस बेल्जियमची ओळख अँटवर्पच्या हिऱ्यांमुळे आहे. तेथून आलेले हे दुसरे रत्न मात्र अगदी मोफत मिळाले! या पद्धतीची रीत सर्वांस माहीत आहे, किल्ली मात्र ज्याची त्याच्याकडे. निरोपाच्या शेवटी त्याच किल्लीने काढलेली काही अक्षरे जोडतात. मजकुरातील एक टिंबही बदलले तर ती जुळत नाहीत. निमी रक्कम लिहून दुप्पट सांगण्याची आपली रीत आणि ही रीत एकाच बुद्धीची, असे आम्हांस वाटते. फरक इतकाच की निमी रक्कम कोणासही काढता येते, ही अक्षरे किल्लीवाचून काढता येत नाहीत.

एवढे करूनही खोक्याचा प्रश्न उरतोच. खरा निरोप, खऱ्या किल्लीने बंद केलेला, कोणी चोरून टिपून ठेवला व दुसऱ्या दिवशी पुन्हा जसाच्या तसा सोडला तर? अमेरिकेतील डॅलस शहरात ७ एप्रिल २०१७ च्या रात्री वादळाचा इशारा देणारे १५६ भोंगे एकाएकी वाजू लागले व दीड तासाहून अधिक काळ वाजत राहिले. आकाश निरभ्र होते. कोणी संगणकात शिरले नव्हते. कोणीतरी रेडिओवरून भोंग्यांस त्यांचाच संकेत ऐकविला होता. वटलेली हुंडी दुसऱ्यांदा वटली, एवढाच त्याचा अर्थ. पुढे त्या शहराने आपले संकेत गुप्तलेखनात घातले. चांगल्या यंत्रजाळ्यात प्रत्येक निरोपास चढता अनुक्रमांक असतो, आणि मागील क्रमांकाचा निरोप पुन्हा आला तर यंत्र तो खोका समजून टाकून देते.

हे सारे दूरदेशीचे वाटेल, म्हणून तापीकडे येतो. सुरतेचे पाणी हे मोठ्या अंशी खानदेशाचे पाणी आहे. ७२४ किलोमीटर लांबीच्या या नदीचे खोरे सुमारे ६५,००० चौरस किलोमीटरांचे असून त्याचा जवळजवळ चार पंचमांश भाग महाराष्ट्रात येतो. बऱ्हाणपूर, हतनूर, भुसावळ, सारंगखेडा अशी ठाणी ओलांडीत पाणी उकाईस येते आणि तेथून शंभर किलोमीटरांच्या आतच सुरत. उकाईचे धरण १९७२ साली पुरे झाले. १९६८ चा महापूर ज्यांच्या वडिलांनी पाहिला त्यांस वाटले की आता नदी बांधली गेली. २००६ च्या ऑगस्टमध्ये खोऱ्यात मोठा पाऊस झाला, आधीच भरत आलेल्या धरणातून सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले आणि सुरतेचा बहुतेक भाग बुडाला. शहरातून सुखरूप वाहू शकणाऱ्या पाण्याच्या दुपटीहून ते अधिक होते. तळघरातील व तळमजल्यावरील कापडाच्या गाठी चिखलात गेल्या. माणसेही गेली, त्यांची भरपाई कोणत्याही विम्यात नाही.

त्या पुराची कारणे अनेक होती आणि त्यांवर वाद झाले. येथे आम्हांस एवढेच पाहावयाचे आहे की, असल्या प्रसंगी पाण्यापुढे धावू शकेल असा एकच पदार्थ असतो, तो म्हणजे निरोप. बऱ्हाणपूरची नदी किती चढली हे उकाईस वेळेवर कळले तर दरवाजे आधी, हळूहळू उघडता येतात. उकाईने किती सोडले हे सुरतेस वेळेवर कळले तर व्यापाऱ्यास माल माळ्यावर चढविता येतो. पुरानंतर रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने चाललेल्या शहरांच्या कार्यक्रमात सुरतेची निवड झाली व तापीच्या पुराची आगाऊ सूचना देणारी व्यवस्था उभारण्याचे काम हाती घेण्यात आले. पूर्वी नदीकाठी उभा राहून पट्टी वाचणारा व बिनतारी यंत्रावर आकडा सांगणारा माणूस असे. आता कित्येक ठिकाणी यंत्र स्वतःच पाणी मोजते व आकडा उपग्रहामार्फत धाडते.

माणसाचा आवाज ओळखता येत असे. यंत्राचा आवाज ओळखावयाचा तर वर सांगितलेली सारी शिस्त हवी. ती नसली तर काय घडते याचे उदाहरण ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड प्रांतात आहे. मरूची या विभागात २००० साली नोकरीच्या कारणावरून नाराज झालेल्या एका माणसाने मोटारीत रेडिओ ठेवून सांडपाण्याच्या पंपांस खोटे हुकूम सोडले. पंपांनी हुकूम देणारा कोण हे विचारले नाही. सुमारे आठ लाख लिटर घाण पाणी बागांत व ओढ्यांत गेले. त्यास पुढच्याच वर्षी कारावास झाला. धरणाचे दरवाजे आणि सांडपाण्याचे पंप यांत यंत्रशास्त्राच्या दृष्टीने फारसे अंतर नाही.

विजेच्या नव्या मीटरांविषयी गुजरातेत २०२४ साली बराच गलबला झाला. लोकांच्या तक्रारींचा रोख मुख्यतः कापल्या जाणाऱ्या रकमेवर होता, आणि व्यापाऱ्याने हिशेब तपासून पाहावा यात गैर काहीच नाही. परंतु आणखी एक प्रश्न विचारावयास हवा, तो किल्लीचा. भारतीय मानकांप्रमाणे हा मीटर आपले आकडे गुप्तलेखनात धाडतो. प्रत्येक मीटरची किल्ली निराळी असेल तर एक मीटर फोडून चोरास एकच घर सापडते; साऱ्या गावास एकच किल्ली असेल तर सारा गाव सापडतो. आणि विजेचा आकडा निरुपद्रवी समजू नये. अमुक कारखान्यातील माग किती वाजता थांबले, अमुक बंगल्यात आठ दिवस दिवा लागला नाही, हे त्या आकड्यांत स्वच्छ लिहिलेले असते.

कॅमेऱ्यांची गोष्ट तर याहून साधी आणि याहून लाजिरवाणी. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या एका घातक कार्यक्रमाने जगभरातील लक्षावधी कॅमेरे व तत्सम यंत्रे आपल्या ताब्यात घेतली. त्यासाठी त्याने कोणतेही मोठे गणित सोडविले नाही. कारखान्यातून येताना घातलेल्या साठएक नावे व परवलीच्या शब्दांच्या जोड्या तो एकामागून एक लावून पाहत असे. मालकांनी त्या बदललेल्याच नव्हत्या. २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोट येथील एका प्रसूतिगृहातील कॅमेऱ्याची चित्रे बाहेर विकली गेल्याचे उघड झाले, तेव्हा तपासात असलाच सोपा शब्द पुढे आला. आपल्या घरच्या लेकीसुना जेथे जातात तेथील ही गोष्ट आहे. तिजोरीस सहा चाव्यांचे कुलूप लावणारा गृहस्थ कॅमेऱ्यास मात्र दुकानदाराने दिलेलाच शब्द ठेवितो, हे आम्ही आमच्या ओळखीच्या अनेक पेढ्यांत पाहिले आहे.

तेव्हा सभासद बंधूंनी कॅमेरा अगर तत्सम यंत्र बसविणाऱ्यास जाण्यापूर्वी थांबवून ठेवावे व त्याच्यासमोर परवलीचा शब्द बदलावा. तो शब्द त्यास सांगू नये. यंत्रांची तार व हिशेबाच्या संगणकाची तार निरनिराळी ठेवावी, म्हणजे चोर कॅमेऱ्यात शिरला तरी रोकडवहीपर्यंत पोहोचणार नाही. कारखानदार यंत्रातील दोष दुरुस्त करून किती वर्षे देईल हे खरेदीच्या वेळीच पावतीवर लिहून घ्यावे. स्वस्त मालात हे कलम बहुधा नसते, आणि स्वस्ताईचे कारणही तेच असते. जुने यंत्र भंगारात देताना त्यातील शब्द व किल्ल्या पुसून द्याव्यात. वटलेल्या हुंडीचा खोका आपले मुनीम गल्लीत टाकीत नसत. तो दप्तरात टाचून ठेवीत.