राजगडावरील पद्मावती तळें : एका दिवसाच्या चढाईची आखणी

माण गांवच्या मुलांना डोंगर अपरिचित नाहींत. पावसाळा सरला म्हणजे हिंजवडीच्या उंच इमारतींपलीकडे सह्याद्रीच्या रांगा स्वच्छ दिसूं लागतात, आणि यंदा सहल कोठें, हा प्रश्न वर्गोवर्गीं निघतो. पुणें जिल्ह्यांत डोंगरमाथ्यावरचीं टाकीं व तळीं पुष्कळ आहेत; परंतु दाट झाडींतून व खड्या खडकावरून चढून जावें आणि शेवटच्या टप्प्यानंतर एकदम पाणी समोर यावें, असें स्थळ पाहावयाचें असल्यास मी राजगडावरील पद्मावती तळ्याचें नांव प्रथम घेईन. गुंजवणें गांवाकडून चोरदरवाजाची वाट धरली असतां तटांतील त्या अरुंद दारांतून वांकून आंत शिरावें लागतें, व जवळच तळें दिसतें.

हा पूर्वींचा मुरुंबदेवाचा डोंगर. रायगडास राजधानी नेण्यापूर्वीं शिवाजी महाराजांचा कारभार दीर्घकाळ येथूनच चाले. सईबाईंचें निधन येथें १६५९ सालीं झालें, व राजाराम महाराजांचा जन्म येथेंच १६७० सालीं झाला. पद्मावती, सुवेळा व संजीवनी या तीन माच्या आणि त्यांच्या मध्यें उभा बालेकिल्ला, अशी गडाची रचना आहे. युनेस्कोनें २०२५ च्या जुलैंत मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत घेतले, त्यांत राजगडही आहे. इतिहास मुलांस पाठ असतो. आखणी मात्र क्वचितच कोणी शिकवितो, म्हणून तिजविषयीं थोडें विस्तारानें लिहितों.

सहलीची आखणी निघण्याच्या वेळेपासून करावयाची नसते. ती परतण्याच्या वेळेपासून उलट मोजीत आणावयाची असते. डिसेंबरांत आपल्याकडे सूर्य सायंकाळीं सहाच्या सुमारास मावळतो. गुंजवण्याची वाट डोंगराच्या उत्तर अंगानें झाडींतून जात असल्यामुळें तेथें अंधार त्याहूनही आधीं दाटतो. आतां उतरावयास किती वेळ लागेल तें पाहूं. विल्यम नेस्मिथ नांवाच्या स्कॉटलंडच्या गिर्यारोहकानें १८९२ सालीं एक सोपा हिशेब सांगितला: दर तीन मैल चालीस एक तास, आणि दर दोन हजार फूट चढास आणखी एक तास. आपल्या मापांत तो साधारण ५ किलोमीटर व ६०० मीटर असा होतो. गुंजवण्याहून तळ्यापर्यंतची वाट तीनएक किलोमीटर व चढ साडेपांचशें-सहाशें मीटर धरला, तर उत्तर दीड तासाच्या आसपास येतें. परंतु हें उत्तर न थांबतां चालणाऱ्या कसलेल्या माणसाचें झालें. तीस मुलें, त्यांच्या पिशव्या, पाणी पिणें आणि खडकावर एकेकाचें चढणें, हें सारें धरून तीन तास मोजावे. उतरावयास अडीच. खाली येणें म्हणजे सोपें, ही समजूत खोटी आहे. उतरतांना गुडघे थकलेले असतात, पाय दिसत नाहीं आणि मुरूम पायाखालून घसरतो.

तेव्हां तळें दुपारीं एक वाजतां सोडावें. अडीच तासांनीं, म्हणजे साडेतीन वाजतां, मंडळी पायथ्याशीं येईल. मग इतकी घाई कशासाठीं, असें मुलें विचारतात, आणि पालकही विचारतात. उत्तर असें आहे कीं, एखाद्याचा पाय मुरगळला तर त्याला धरून, उचलून आणावयास दुप्पट वेळ लागतो. एकांत पांच तास मिळविले म्हणजे सहा वाजतात. मधले अडीच तास त्या मुरगळलेल्या पायाकरितां राखून ठेवलेले असतात. ते तळ्याकांठीं गप्पांत खर्चूं नयेत.

याच हिशेबानें सकाळ ठरते. माणहून वाकड, तेथून सातारा रस्त्यानें नसरापूर, व पुढें मार्गासनीवरून गुंजवणें, ही वाट दोन तासांहून थोडी अधिक घेते. पांचला निघालें तर साडेसातला पहिलें पाऊल डोंगरावर पडतें आणि साडेदहाच्या सुमारास तळें येतें. बाराचा ठोका ही सीमा. बारापर्यंत चोरदरवाजा गांठला नाहीं, तर जेथें असाल तेथून परतावें. हा नियम आदल्या दिवशींच वर्गांत सांगून ठेवावा. कारण तळें अवघें अर्ध्या तासावर असतांना कोणाचेंही मन परतावयास तयार नसतें, आणि मास्तरांचेंही नसतें.

चाल सर्वांत मंद मुलाची धरावी. त्याला शेवटीं ठेवूं नये, पुढच्या मार्गदर्शकाच्या मागें दुसरा ठेवावा. मागें पडलेलें मूल विसाव्याच्या जागीं पोहोंचतें तोंच पुढचीं उठून चालूं लागतात, व ज्याला विश्रांतीची गरज अधिक, त्यालाच ती मिळत नाहीं.

सुरवातीचा चढ मातीचा व झाडींतला आहे. कारवीच्या काठ्या हाताशीं येतात, पण त्यांवर भार टाकूं नये. वाळलेली काठी मुळासकट हातांत येते. (कारवी सात वर्षांतून एकदां फुलते, तें वर्ष साधलें तर भाग्यच.) शेवटीं उभा खडक लागतो. तेथें लोखंडी कठडे आहेत. तरी एका वेळीं एकानेंच चढावें, दोन्ही हात मोकळे असावेत, आणि वरच्याच्या नेमकें खालीं कोणीं उभें राहूं नये. दगड सुटला तर तो कोणाचा, हें न पाहतां "दगड!" म्हणून ओरडावें. वर जाणारे व खालीं येणारे याच एका चिंचोळ्या जागीं भेटतात, म्हणून रविवार व जोडून आलेल्या सुट्या टाळाव्या. खडकावर ओळ खोळंबली कीं वरचा सारा हिशेब बिघडतो. पावसाळ्यांत तर शेवाळलेल्या खडकावर लहान मुलांना नेऊंच नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

ज्या पालकांना उभा खडक मानवणार नाहीं, त्यांच्यासाठीं पाली दरवाजाची पायऱ्यांची वाट आहे. मात्र ती निराळ्या गांवीं उतरते. एकीनें चढून दुसरीनें उतरावयाचें असल्यास गाडी आधींच तिकडे पाठवावी लागते.

डोंगराच्या माथ्यावर पाणी टिकतें कसें? सह्याद्री हा सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं थरावर थर सांचलेल्या लाव्हारसाचा बनला आहे. त्यांतला घट्ट काळा पाषाण पाणी सहसा झिरपूं देत नाहीं. भेगाळलेल्या व सच्छिद्र थरांतून मात्र तें वाहतें, आणि कोठें कोठें झऱ्याच्या रूपानें बाहेर येतें. किल्ले बांधणाऱ्यांना हें अनुभवानें ठाऊक होतें. टाकें खोदलें कीं एकाच श्रमांत तटाला दगड मिळे आणि पावसाचें पाणी सांठवावयास जागा होई.

तळें पाहावें, कांठच्या भिंती पाहाव्या, परंतु पाण्यांत उतरूं नये. बांधीव तळ्याचा कांठ उभा व निसरडा असतो, तळाशीं गाळ असतो, आणि दमून आलेल्या शरीराला एकाएकीं गार पाणी सोसत नाहीं. पोहतां येणाऱ्या मुलांना हें पटत नाहीं. म्हणून पालकांनींच घरीं बजावून पाठवावें. पिण्याचें पाणी प्रत्येकीं तीन लिटर माणहूनच न्यावें. सोबत भाकरी, चटणी, गूळ-शेंगदाणे, लिंबू व मीठ; खांचांच्या रबरी तळव्याचे बूट, विजेरी, शिटी आणि पट्ट्या. सुगंधी तेलें व अत्तरें घरींच ठेवावीं, धूर करूं नये. आग्या मोहोळ उठलें तर कड्यावर पळावयास जागा नसते. दूरध्वनीचा संपर्क डोंगरांत कोठें तुटेल याचा नेम नाहीं, म्हणून नांवांची यादी व परतण्याची वेळ शाळेंत आणि गुंजवण्यांत एका माणसापाशीं ठेवून जावें.

तळ्याकांठून मान वर केली कीं बालेकिल्ला दिसतो, आणि तेथेंही जाऊं म्हणून मुलें हट्ट धरतात. तो चढ उभा आहे, जाऊन येण्यास दीड तास तरी हवा, आणि तो आपल्या हिशेबांत कोठेंच बसत नाहीं. बालेकिल्ल्यासाठीं मोठ्या मुलांची, चार-सहा जणांचीच, निराळी सहल पुढच्या वर्षीं काढावी.