पुदिन्याची लबाडी

पुदिन्याची एक काडी चिमटीत धरा आणि बोटांमध्ये फिरवून बघा. ती गुळगुळीत फिरत नाही, अडखळते. का? तर ती गोल नाहीच मुळी, तिला चार कडा आहेत! आता तुळशीची कोवळी काडी तशीच फिरवा. मग सब्जाची, मरव्याची. सगळ्या चौकोनी. पानंही जोडीजोडीने समोरासमोर येतात, आणि एक जोडी पूर्व-पश्चिम असेल तर तिच्या वरची दक्षिण-उत्तर. ही सगळी मंडळी एकाच कुळातली. या कुळाला वासाचं भारी वेड! पण त्यांत सगळ्यात लबाड कोण असं विचाराल, तर मी बेधडक पुदिन्याकडे बोट दाखवीन.

पहिली लबाडी गारव्याची. पेपरमिंटची गोळी चघळली की तोंड कसं गारेगार होतं. त्यावर साधं पाणी प्यायलं, तर ते माठातलं वाटतं. पण त्या वेळी जिभेवर थर्मामीटर ठेवला, तर पारा खाली आलेला दिसणार नाही. मग गार झालं कोण?

कोणीच नाही. आपल्या जिभेत आणि कातडीत ज्या मज्जातंतूंची टोकं असतात, त्यांतल्या काहींवर टीआरपीएम-८ नावाचं एक प्रथिन असतं. तापमान साधारण २६ अंश सेल्सिअसच्या खाली उतरलं की ते उघडतं, मज्जातंतू जागा होतो आणि मेंदूला निरोप जातो, ‘गार लागतंय!’ पुदिन्यातलं मेंथॉल नावाचं रसायनही नेमकं हेच प्रथिन उघडतं. गारठा नसतानाच निरोप निघतो, आणि मेंदू बिचारा त्यावर विश्वास ठेवतो. २००२ साली डेव्हिड ज्यूलियस आणि आर्डेम पॅटापूटियन या दोन शास्त्रज्ञांनी अमेरिकेत, आपापल्या प्रयोगशाळेत, मेंथॉल वापरूनच हे प्रथिन शोधलं. मिरचीचंही असंच आहे बरं का! ती ४३ अंशांच्या आसपास उघडणारं वेगळंच प्रथिन उघडते, म्हणून थंड ठेचा खाल्ला तरी तोंड भाजतं. ते ज्यूलियसच्या गटाने आधीच, १९९७ मध्ये, शोधलं होतं. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं ते तापमान आणि स्पर्श आपल्याला कसा कळतो याच्या शोधाबद्दल.

पण थांबा. आपण पुदिन्याची चटणी खातो तेव्हा तोंड पेपरमिंटइतकं गार कुठे होतं? वास मस्त येतो, पण तो झिणझिण्या आणणारा गारवा नाही. कारण बाजारात जुडीने मिळणारा पुदिना बहुधा स्पिअरमिंट असतो, आणि त्याच्यात मेंथॉल जवळजवळ नसतंच. गोळीतला पुदिना वेगळा, चटणीतला वेगळा!

त्यांचं नातं मात्र जवळचं आहे. सफरचंदी पुदिना नावाचा एक लवदार, गोलसर पानांचा पुदिना आहे. त्याचा आणि लांब पानांच्या रानपुदिन्याचा संकर होऊन स्पिअरमिंट जन्मला. मग स्पिअरमिंटचा ओढ्याकाठी वाढणाऱ्या पाणपुदिन्याशी संकर झाला आणि पेपरमिंट आला. म्हणजे आपल्या चटणीतला पुदिना हा पेपरमिंटचा चक्क बाप, किंवा आई म्हणा हवं तर. इंग्लंडमध्ये जॉन रे या वनस्पतिशास्त्रज्ञाने १६९६ साली पेपरमिंटची नोंद केली. पुढे १७५३ मध्ये लिनियसने त्याला स्वतंत्र जात समजून नावही देऊन टाकलं. हे संकराचं रोप आहे, हे नंतर कळलं. पेपरमिंटला फुलं येतात, पण बी सहसा धरत नाही. तरीही तो जगभर पोचला, तो निव्वळ खोडाच्या तुकड्यांवर.

दोघांना ओळखायची एक खूण सांगतो. स्पिअरमिंटचं पान काडीला जवळजवळ चिकटलेलं असतं, पेपरमिंटच्या पानाला स्पष्ट देठ असतो. पण खरी परीक्षा नाकाचीच. पानाच्या पृष्ठभागावर तेलाच्या इवल्याशा ग्रंथी असतात, भिंगातून बघितलं तर चकाकणारे ठिपके दिसतात. पान चुरडलं की त्या फुटतात. हे तेल झाड आपल्यासाठी बनवत नाही हं, पानं कुरतडणाऱ्या किड्यांना ते नकोसं वाटावं म्हणून बनवतं. आपणच असे चमत्कारिक प्राणी की किड्यांना पळवणाऱ्या त्या तेलाची चटणी करून खातो.

आता दुसरी लबाडी, मला सर्वांत आवडणारी. स्पिअरमिंटच्या वासामागे कार्व्होन नावाचं रसायन आहे. तुमच्या घरी बाळंतशेपा आहे का? शेपूचं बी ते, बाळंतिणीला सुपारीत घालून देतात. ते चावून बघा. पुदिन्याची आठवण तरी येते का? मुळीच नाही. तो उग्र, थोडासा जिऱ्याकडे झुकणारा वास. पण त्यातही कार्व्होनच आहे! तेच अणू, तितकेच, त्याच क्रमाने जोडलेले. फरक एवढाच की एक रेणू दुसऱ्याची आरशातली प्रतिमा आहे. डाव्या-उजव्या चपला आठवा. मापाने सारख्या, पण उजवी चप्पल डाव्या पायात नीट बसत नाही. वास ओळखणारी नाकातली प्रथिनंही अशीच डावी-उजवी ओळखणारी असतात. एक कार्व्होन ज्या प्रथिनात चपखल बसतो, तिथे दुसरा तसा बसत नाही, म्हणून मेंदूला निराळा वास कळतो. अशा दोन आरसारेणूंचे वास खरोखरच वेगळे असतात, हे रसायनशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये शुद्ध नमुने बनवून पक्कं केलं. त्याआधी काहींना वाटायचं की नमुन्यात भेसळ असेल.

वासांची ही हौस पुदिन्यात फारच आहे. अननस पुदिन्याच्या पानांना पांढरी किनार असते. संत्रा पुदिना अत्तरासारखा दरवळतो. चॉकलेट पुदिना हा पेपरमिंटचाच एक प्रकार, त्याच्यात चॉकलेटचा कणही नसतो. आणि खरं सांगू, मला त्यात चॉकलेट शोधायला बरीच कल्पनाशक्ती लागते. कॉर्सिका बेटावरचा पुदिना इतका बुटका की त्याची पानं जेमतेम काही मिलिमीटरची, जमिनीवर शेवाळ पसरल्यागत दिसतात. पेनिरॉयल नावाचा पुदिना मात्र दुरूनच बघायचा, त्याचं तेल विषारी असतं.

मग टूथपेस्ट, बाम, गोळ्या यांना लागणारं ढीगभर मेंथॉल येतं कुठून? ते बहुतांशी तिसऱ्याच एका पुदिन्यातून, जपानी पुदिन्यातून येतं. त्याच्या तेलात साधारण ७० ते ८० टक्के मेंथॉल असतं, पेपरमिंटच्या तेलात ४०च्या आसपास. आणि हा ‘जपानी’ पिकतो मुख्यतः उत्तर प्रदेशात, बाराबंकी, संभल, बदायूँ या भागांत! तिथले शेतकरी त्याला ‘मेंथा’ म्हणतात. थंडी सरताना लावायचा, मे-जूनमध्ये कापायचा, शेताजवळच्याच टाकीत भरून त्यातून वाफ सोडायची. वाफेबरोबर तेल येतं, थंड झालं की पाण्यावर तरंगतं. हे तेल आणखी थंड केलं की त्यात लांब, पारदर्शक स्फटिक जमतात. तेच मेंथॉल.

आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात हे स्फटिक ‘पुदिन्याचं फूल’ म्हणून मिळतात. ओव्याचं फूल आणि भीमसेनी कापूर आणून तिन्ही एका काचेच्या बाटलीत घातले की एक गंमत होते. पाण्याचा थेंबही न घालता हळूहळू सगळ्याचं पाणी होतं! हीच जुन्या घरांतली अमृतधारा. मेंथॉल वितळतं सुमारे ४२ अंशांना, ओव्याचं फूल ५०ला, कापूर तर १७५च्याही पुढे. पण स्फटिक टिकायचा तर रेणूंना शिस्तीत रांगा लावाव्या लागतात. तीन तऱ्हेचे रेणू एकमेकांत घुसले की कोणालाच धड रांग लावता येत नाही, आणि सगळे खोलीच्या तापमानालाच वितळतात. हे मोठ्यांना बरोबर घेऊनच करायचं. चाखायचं नाही, डोळ्यांजवळ न्यायचं नाही, लहान भावंडांच्या हाती द्यायचं नाही.

घरी पुदिना लावायचा तर बी नको. जुडीतल्या चार जाड काड्या निवडा, खालची पानं काढा आणि पाण्यात उभ्या ठेवा. पेरांजवळ पांढरी मुळं फुटली की कुंडीत लावा. सकाळचं ऊन, ओलसर माती, बास. रोपवाटिकेतून पेपरमिंट आणलात तर त्याला कुंडी वेगळी द्या. पुदिन्याची खोडं मातीखालून सरपटत जातात आणि जिथे जागा मिळेल तिथे डोकं वर काढतात. एका कुंडीत दोघांना ठेवलं, तर महिन्या-दोन महिन्यांत कुठला कोण ते सांगता यायचं नाही. कुंड्यांवर नावंही लिहून ठेवा. नाहीतर घाईघाईत चुकीच्या कुंडीतली पानं मिक्सरमध्ये जातील आणि जेवताना आजी विचारेल, ‘चटणीत टूथपेस्ट कोणी पिळली रे?’